विश्लेषण : पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीला पहिला मोठा दौरा कुणामुळे मिळाला? ‘क्वीन’च्या एका गाण्यामागची गोष्ट

फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आठवतं, ‘वुई विल रॉक यू’च्या टाळ्या आठवतात आणि १९८५ च्या ‘लाइव्ह एड’चं खचाखच भरलेलं वेम्बली स्टेडियम डोळ्यांसमोर येतं. ‘क्वीन’ बँडचं ‘नाऊ आय ॲम हिअर’ हे गाणं त्या मानाने आपल्याकडे कमी ऐकलं जातं. जानेवारी १९७५ मध्ये आलेलं हे गाणं ब्रिटनच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं होतं.

या गाण्यात एका दुसऱ्याच बँडचा नावानिशी उल्लेख आहे. तो बँड म्हणजे ‘मॉट द हूपल’. ‘क्वीन’ला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा आपल्या दौऱ्यावर सोबत नेणारा बँड. आभाराचं गाणं म्हटलं की हातात अकूस्टिक गिटार घेऊन संथ चालीत गायलेलं काहीतरी आपण अपेक्षित धरतो. हे गाणं अगदी उलट आहे. इलेक्ट्रिक गिटारचा दणदणाट असलेलं आणि प्रेक्षकांना उभं करणारं. त्यामुळेच कदाचित यात आभार दडलेत हे पटकन लक्षात येत नाही.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडीचं मूळ नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. आई-वडील पारशी, मूळचे गुजरातचे. बलसारा हे आडनावच वलसाडशी, म्हणजे जुन्या बुलसारशी नातं सांगणारं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीने भारतात पाठवलं गेलं, थेट सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात.

फारोखचा ‘फ्रेडी’ झाला तो याच शाळेत. पियानोचे रीतसर धडेही इथेच मिळाले. १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांसोबत त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ही मुलं त्या काळची गाजलेली रॉक अँड रोल गाणी वाजवायची. गंमत म्हणजे पुढे जगातला सर्वात मोठा ‘फ्रंटमन’ म्हणून ओळखला गेलेला फ्रेडी या बँडचा मुख्य गायक नव्हता. तो मागे बसून पियानो वाजवायचा.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली, मोठी हिंसा उसळली आणि बलसारा कुटुंबाला देश सोडावा लागला. सतरा वर्षांचा फ्रेडी आई-वडील आणि बहिणीसह लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम भागात आला.

२७ व्या वर्षापर्यंत यश का आलं नाही?

पुढची दहा वर्षं धडपडीची. त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. हीथ्रोवर सामान उचलण्याचं काम केलं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलरसोबत जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. ‘आयबेक्स’, ‘रेकेज’, ‘सावर मिल्क सी’ असे एकामागून एक बँड धरले आणि सुटले.

एप्रिल १९७० मध्ये तो गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्यासोबत आला. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्याने दिलं, स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं आणि चौघांच्या राशींची चिन्हं गुंफून बँडचं बोधचिन्हही स्वतःच काढलं. १९७१ मध्ये बास गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. मे इम्पीरियल कॉलेजात खगोलभौतिकीत संशोधन करत होता, तर डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. रस्त्याकडेला टाकून दिलेल्या एका सर्किट बोर्डपासून डीकनने बनवलेला छोटा ॲम्प्लिफायर मे यांनी पुढे अनेक रेकॉर्डिंगमध्ये वापरला.

म्हणजे हुशारीची कमतरता नव्हती. पैशांची होती. लंडनच्या ‘ट्रायडंट’ स्टुडिओशी करार झाला, पण रेकॉर्डिंगसाठी वेळ मिळायचा तो पैसे भरणारी गिऱ्हाइकं निघून गेल्यावर उरलेला, म्हणजे बहुतेकदा रात्री-अपरात्रीचा. पहिला अल्बम अखेर १३ जुलै १९७३ रोजी बाजारात आला. त्यातलं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे गाणं ब्रिटनच्या यादीत कुठेच दिसलं नाही. फ्रेडी तेव्हा २७ वर्षांचा व्हायला आला होता. पॉप संगीताच्या हिशेबात हे वय काही कोवळं नाही.

‘मॉट द हूपल’ कोण होते?

त्या काळी नव्या बँडला लोकांपर्यंत पोहोचायचे दोनच मार्ग होते. एक रेडिओ, दुसरा दौरा. रेडिओने फारशी दखल घेतली नाही, तर कुणातरी प्रस्थापित बँडच्या आधी अर्धा-पाऊण तास वाजवायची संधी मिळवायची. आपल्याकडे मोठ्या गायकाच्या मैफलीआधी नवोदितांना थोडा वेळ दिला जातो, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे श्रोते तिकीट काढून दुसऱ्याच कुणासाठी आलेले असतात आणि नव्या बँडबाबत त्यांना फारसा संयम नसतो. ध्वनिव्यवस्था तपासायला वेळ कमी, दिवे कमी, रंगमंचावर जागाही कमी.

ही संधी ‘क्वीन’ला ‘मॉट द हूपल’च्या दौऱ्यावर मिळाली. इयान हंटर या गायकाचा हा ब्रिटिश बँड १९७३ मध्ये ऐन भरात होता. पण दीडेक वर्षापूर्वी त्यांची अवस्था बिकट होती. रेकॉर्ड खपत नव्हत्या आणि मार्च १९७२ मध्ये त्यांनी बँड मोडायचं जवळपास ठरवलं होतं. त्यांच्या बासवादकाने काम मिळेल का हे विचारायला डेव्हिड बोवीला गाठलं. बँड मोडतोय हे ऐकून बोवीने त्यांना चक्क आपलं एक गाणं देऊ केलं. एक गाणं नाकारल्यावर दुसरं दिलं. ते होतं ‘ऑल द यंग ड्यूड्स’. ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि ‘मॉट’ वाचले. ‘क्वीन’ला आधार देणारा बँड स्वतःच असा दुसऱ्याच्या आधाराने उभा राहिलेला होता.

दौऱ्यावर काय घडलं?

१२ नोव्हेंबर १९७३ रोजी लीड्सच्या टाउन हॉलमध्ये दौरा सुरू झाला. महिनाभर गावोगावच्या सभागृहांत ‘क्वीन’ आधी वाजवायचे, मग ‘मॉट’. १४ डिसेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. त्या दिवशीचं ‘मॉट’चं वादन त्यांच्या पुढच्या वर्षीच्या लाइव्ह अल्बममध्ये आहे. त्याआधी त्याच रंगमंचावर कोण गाऊन गेलं होतं, याचा त्या तबकडीवर मागमूस नाही.

फ्रेडीसाठी हा दौरा म्हणजे शाळाच होती. हजारो अनोळखी माणसांना काही मिनिटांत आपलंसं कसं करायचं, हे रोज संध्याकाळी आजमावून बघायला मिळत होतं. गिटारचा आवाज इकोवर टाकून आपणच आपल्याशी जुगलबंदी करायची मे यांची पद्धतही याच दौऱ्यात घडत गेली.

परिणाम लवकरच दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ऐनवेळी एक जागा रिकामी झाली आणि ती ‘क्वीन’ला मिळाली. ती जागा होती डेव्हिड बोवीची. ‘सेव्हन सीज ऑफ राय’ दहाव्या क्रमांकावर गेलं, दुसरा अल्बम पाचव्या. मार्चमध्ये बँडने ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावावर दौरा काढला.

अमेरिकेत मात्र त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तिथेही मदतीला आले ते ‘मॉट’च. १६ एप्रिल १९७४ रोजी डेन्व्हर शहरात ‘क्वीन’ने अमेरिकेतला पहिला कार्यक्रम केला, पुन्हा ‘मॉट’च्या आधी. मे महिन्यात दोन्ही बँड न्यूयॉर्कला पोहोचले. नाटकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रॉडवेवरच्या युरिस थिएटरमध्ये सलग आठवडाभर रॉकचे कार्यक्रम झाले. तोवर असं कुणी केलं नव्हतं.

आणि इथेच घात झाला. ब्रायन मे यांना हेपटायटिस झाल्याचं निष्पन्न झालं. ‘क्वीन’ला दौरा अर्धवट टाकून मायदेशी परतावं लागलं.

रुग्णशय्येवर सुचलेलं गाणं

मे बरे होतात तोच पोटातल्या अल्सरमुळे पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. तिसऱ्या अल्बमचं, ‘शीअर हार्ट अटॅक’चं काम सुरू होतं. उरलेल्या तिघांनी गिटारच्या जागा मोकळ्या सोडून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. इकडे अंथरुणावर पडलेल्या मे यांच्या मनात अर्धवट राहिलेला तो अमेरिका दौरा घोळत होता. त्यातून ‘नाऊ आय ॲम हिअर’ आकाराला आलं.

गाणं लिहिलं मे यांनी, पण ते लोकांपर्यंत पोहोचवलं फ्रेडीने. त्याने त्याचं अक्षरशः नाट्य केलं. अंधारात रंगमंचाच्या एका टोकाला प्रकाशझोतात फ्रेडी दिसायचा. दिवा विझायचा आणि क्षणात दुसऱ्या टोकाला पुन्हा फ्रेडीच! प्रेक्षक थक्क. खरं तर दुसरीकडे हुबेहूब तसेच कपडे घातलेला बँडचाच एक कर्मचारी उभा असायचा.

दुसरी करामत आवाजाची होती. तेव्हाच्या इको यंत्रात चुंबकीय टेप फिरायची. एक हेड आवाज टेपवर नोंदवायचं, थोड्या अंतरावरचं दुसरं हेड तोच आवाज पुन्हा वाजवायचं. दोन हेडमधलं अंतर भागिले टेपचा वेग, एवढा उशीर पडायचा. अंतर वाढवलं की उशीर वाढला. मे यांनी आपलं यंत्र याच तत्त्वावर बदलून घेतलं होतं. रंगमंचावर फ्रेडी एक ओळ गायचा, ती काही क्षणांनी परत यायची आणि तो तिच्यावर पुढचा सूर चढवायचा. एकाच माणसाचं समूहगान. आज मोबाइलमधलं एखादं ॲपही हे करतं. तेव्हा फिरत्या टेपच्या वेगाशी गळ्याचा ताल जुळवावा लागे आणि चुकलं तर सगळ्यांसमोर चुकायचं.

१९७४ पासून १९८६ च्या शेवटच्या दौऱ्यापर्यंत फ्रेडी हे गाणं गात राहिला. नवी हिट गाणी येत गेली, जुनी कितीतरी गळाली, हे राहिलं.

आभार पोहोचले का?

गाणं जानेवारी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे बाजारात आलं, तोवर इयान हंटरने ‘मॉट द हूपल’ सोडलं होतं. ज्या बँडचं नाव गाण्यात घेतलं, तो त्या रूपात उरलाच नव्हता. त्याच वर्षाअखेर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. दोन वर्षांपूर्वी आधी वाजवणारे कुठल्या कुठे गेले आणि मुख्य बँड इतिहासजमा झाला.

पण संबंध तुटले नाहीत. १९७६ मध्ये हंटरच्या ‘ऑल अमेरिकन एलियन बॉय’ या अल्बममधल्या एका गाण्यासाठी फ्रेडी, मे आणि टेलर यांनी मागचा कोरस गायला. जगभर नाव झालेल्या गायकाने दुसऱ्याच्या रेकॉर्डवर मागे उभं राहायचं, यात त्याचा व्यावहारिक फायदा काहीच नव्हता. पुढे १९७७ च्या अमेरिका दौऱ्यावर ‘क्वीन’ने आयरिश बँड ‘थिन लिझी’ला सोबत नेलं.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ इथे फ्रेडी ‘क्वीन’सोबत शेवटचा गायला. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमधल्या राहत्या घरी त्याचं निधन झालं. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. त्यात ‘डेफ लेपर्ड’ने ब्रायन मे यांच्यासह ‘नाऊ आय ॲम हिअर’ वाजवलं. नंतर डेव्हिड बोवी, इयान हंटर आणि गिटारवादक मिक रॉन्सन रंगमंचावर आले. मागे ‘क्वीन’चे उरलेले तिघे होते. सगळ्यांनी मिळून ‘ऑल द यंग ड्यूड्स’ वाजवलं. बोवीने जे गाणं ‘मॉट’ला दिलं आणि ज्याच्या बळावर ‘मॉट’ तगले, तेच.

हे गाणं ऐकायचं असेल तर दोन रेकॉर्डिंग आवर्जून शोधावीत. एक नोव्हेंबर १९७४ चं, लंडनच्या रेनबो थिएटरमधलं. त्यात कार्यक्रमाची सुरुवातच या गाण्याने होते. दुसरं जुलै १९८६ चं, वेम्बलीचं. मधल्या बारा वर्षांत सभागृहाचं स्टेडियम झालं होतं.