राजाच्या नावाचे संग्रहालय

पुण्यातील बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेत 'राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय' ही पाटी वाचणाऱ्या परगावच्या पाहुण्याची हमखास एक गैरसमजूत होते. दिनकर केळकर नावाचे कोणी संस्थानिक होऊन गेले असावेत आणि त्यांच्या जामदारखान्यातील चीजवस्तू येथे मांडल्या असाव्यात, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. केळकरांना ना जहागीर होती, ना वतन. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. पाटीवरील 'राजा' हा किताब नसून बालवयातच गेलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे ते नाव आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मावळ तालुक्यातील कामशेतजवळच्या करंजगावी झाला. बोरघाटातून रेल्वे धावू लागून तेव्हा तीन दशके उलटली होती. पण रुळांपासून आत, नाणे मावळातील गावांचे जीवन भातखाचरे, पाऊस आणि जत्रा यांच्याच चक्राने चालत होते. एका बाजूला लोहगड-विसापूरचे जोडकिल्ले, दुसरीकडे कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी. कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेला कोकणातून कोळी-आगरी मंडळी वाजतगाजत वर येत. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळींचे दिमडी-तुणतुणे वाजे, लग्नानंतरच्या गोंधळात संबळ घुमे आणि इंद्रायणीच्या काठाने देहूकडे टाळ-मृदंगाचा नाद जाई. भाज्याच्या लेण्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शिल्पात, एक स्त्री जोडवाद्य वाजवीत आहे आणि दुसरी तिच्या तालावर नाचत आहे. तबल्याच्या उगमाची चर्चा निघाली की हे शिल्प पुराव्यादाखल हटकून पुढे येते. वाद संपलेला नाही. पण मावळच्या मातीत वाद्याचा नाद किती जुना आहे, हे सांगायला ते शिल्प पुरेसे आहे.

पुण्यात आल्यावर तरुण केळकरांची ओळख झाली ती कवी म्हणून. केशवसुत, बालकवी आणि गोविंदाग्रज यांच्यानंतर मराठी कवितेत टोपणनावांचा सुकाळ झाला होता. केळकरांनी 'अज्ञातवासी' हे नाव घेतले. इतिहास हा त्यांच्या कवितेचा आवडता विषय. केवळ स्वतःची कविता मिरवून ते थांबले नाहीत. भा. रा. तांबे यांच्या कवितांचा दुसरा संग्रह १९२७ मध्ये निघाला, तो अज्ञातवासींच्या संपादनाखाली. दुसऱ्याच्या निर्मितीतील विखुरलेले मोल ओळखून ते एकत्र आणण्याची ही वृत्ती पुढे कवितेपुरती राहिली नाही.

ऐतिहासिक कविता लिहायची तर इतिहास डोळ्यांनी पाहायला हवा, या ओढीने ते किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांतून हिंडू लागले. १९२० च्या सुमारास संग्रहाला प्रारंभ झाला. पहिले आकर्षण अर्थातच शस्त्रांचे होते. तलवारी, कट्यारी आणि ढाली यांचा मोह त्या पिढीतील कोणत्या इतिहासप्रेमी तरुणाला नव्हता? तेवढ्यावरच ते थांबले असते, तर हौशी संग्राहकांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली असती, इतकेच. पण हळूहळू त्यांचे लक्ष तलवारीवरून अडकित्त्याकडे गेले, आणि येथेच केळकरांचे वेगळेपण सुरू झाले.

अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे, फण्या, अंग घासायच्या वज्री, समया, निरांजने, लामणदिवे, पुरणयंत्रे, शेवयांचे साचे, सोंगट्या, कोरीव दरवाजे अशा नाना वस्तू ते जमवू लागले. ज्या वस्तूंवर कोणा राजाचे नाव नव्हते आणि ज्या घडविणाऱ्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नव्हते, त्या वस्तूंना इतिहास असतो, हे मानायला त्या काळी विद्वानही फारसे राजी नव्हते. शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि पत्रे म्हणजे इतिहास; स्वयंपाकघरातली किसणी म्हणजे अडगळ. पुण्यात इतिहास संशोधनाची मोठी परंपरा असतानाही या अडगळीकडे वळून पाहिले ते एका चष्मेविक्या कवीने.

काळ मात्र या वस्तूंच्या विरुद्ध होता. वाडे पडत होते, एकत्र कुटुंबे फुटत होती, संस्थाने विलीन होत होती. स्टेनलेस स्टील आले आणि पिढ्यान् पिढ्यांची तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. मोडीच्या तागडीत समईच्या नक्षीला किंमत नसते; वजन तेवढे खरे. केळकरांची खरी स्पर्धा दुसऱ्या संग्राहकांशी नव्हती, ती तांबटाच्या मुशीशी होती. त्यासाठी त्यांनी राजस्थान, गुजरातपासून दक्षिणेपर्यंत प्रवास केला. पैसा कमी पडे तेव्हा पत्नी कमलाबाईंचे दागिने कामी आले. एका घरातील सोने असे मोडले गेले आणि शेकडो घरांतील पितळ वाचले. कमलाबाईंचा उल्लेख अशा चरित्रांत बहुधा एका ओळीत उरकला जातो. परंतु संसाराच्या जागेत मूर्ती, दरवाजे आणि दिवे येऊन बसत असताना घर चालवणे ही सोपी गोष्ट नव्हती. या संग्रहाच्या त्या बरोबरीच्या भागीदार होत्या.

मुलाच्या मृत्यूनंतर तर हे दांपत्य या संग्रहातच गुंतून गेले. ज्याच्यासाठी मागे काही ठेवायचे, तोच आधी गेला. केळकरांनी जमवलेले सारे त्याच्या नावे केले.

१९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती. पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने त्यांचे भारतीय दिव्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच १९६१ सालच्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील कितीतरी जुने वाडे, त्यांतील भांड्याकुंड्यांसह, पाण्याने नेले. राजा केळकर वस्तुसंग्रहालय रीतसर उभे राहिले ते १९६२ मध्ये.

या संग्रहालयातील वाद्यांचे दालन लोकसंगीताच्या अभ्यासकाने सावकाश पाहावे असे आहे. वाद्यसंग्रहाची जगातील परंपरा बहुधा श्रीमंतांची आहे. कोलकात्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली आणि ब्रुसेल्सच्या प्रसिद्ध वाद्यसंग्रहालयाचा पाया त्यांतून घातला गेला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या संगीताचे संग्रहालय १९६७ मध्ये उघडले, तेव्हा त्यामागे ध्वनिमुद्रिकांचा भरभराटीला आलेला व्यवसाय उभा होता. केळकरांच्या मागे यांपैकी काहीच नव्हते. गोंधळ्याच्या संबळाचा वा जोगत्याच्या चौंडक्याचा कोणता व्यवसाय?

लोकवाद्य टिकवणे हे तलवार टिकवण्यापेक्षा अवघड असते. तुणतुणे म्हणजे एक पोकळ लाकडी नळकांडे, तळाला ताणलेले कातडे, बाजूला बांबूची काठी आणि खुंटीला बांधलेली एक तार. चौंडक्याची तात काखेत धरलेल्या पिपाच्या कातड्यातून ओवलेली. भोपळा, बांबू, कातडे, तात अशा नाशवंत जिनसांचीच ही घडण. पावसाळ्यात कातडे सैल पडते, भोपळ्याला कीड लागते. वाजवणारा माणूस ती सतत दुरुस्त करीत राहतो म्हणून वाद्य जगते. वाजवणारा गेला की दोन-चार पावसाळ्यांत ते चुलीत जाते. काचेआड ठेवलेले वाद्य मुके असते, हा आक्षेप खरा आहे. पण चुलीत गेलेल्या वाद्याविषयी तेवढाही आक्षेप घेता येत नाही.

शस्त्रांकडून वाद्यांकडे झालेला केळकरांचा प्रवास मिरजेच्या इतिहासाची आठवण करून देतो. तलवारींना धार लावणारे तेथील शिकलगार, शस्त्रांची मागणी सरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंबोरे आणि सतारी घडवू लागले. फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ती परंपरा आजही पंढरपूर परिसरातील भोपळे आणून तंबोरे बनवते.

लोकसंगीताशी जवळचे नाते असलेला आणखी एक ठेवा येथे आहे, तो पैठण शैलीच्या चित्रांचा. चित्रकथी ही चित्रे एकेक करून प्रेक्षकांपुढे धरीत आणि रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत. सावंतवाडीजवळच्या पिंगुळीत वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने ती कला टिकून राहिली. केळकरांनी ही चित्रे जमवली नसती, तर त्यांवर पुढे झालेला अभ्यास बराच तोकडा राहिला असता. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा जुळविले. नृत्य-गायनासाठी जिचे नाव घेतले जाते, त्या मस्तानीच्या वास्तूचे पुण्यात जे काही पाहायला मिळते, ते मुख्यतः या दालनात.

१९७५ मध्ये केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अनेक मौल्यवान खासगी संग्रह वारसांच्या वाटण्यांत फुटले आणि परदेशी लिलावांत गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे या दानाची किंमत कळते. विकून वार्धक्य सुखाने काढता आले असते. तो मार्ग त्यांनी धरला नाही. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, तरी पुणेकरांसाठी ते अखेरपर्यंत काका केळकरच राहिले. दालनांतून फिरताना, भेटणाऱ्याला हातात वस्तू घेऊन तिची हकिकत सांगताना त्यांना पाहिलेली माणसे पुण्यात पुष्कळ होती.

१७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे. नातूबागेच्या तीन मजली इमारतीत त्यांपैकी जेमतेम अडीच हजार मांडता येतात; उरलेल्या कोठारात आहेत.