महाराजांचा शेवटचा आजार आणि सुजलेला गुडघा

छत्रपती शिवाजी महाराजांचे आयुष्य तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. १६३० मध्ये शिवनेरीवर जन्म, १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक, मग दक्षिणेची मोठी मोहीम. १६७९ च्या अखेरीस त्यांनी जालन्यावर स्वारी केली. परतताना मोगल फौजेने वाट अडवली, तेव्हा आडवाटेने ते पट्टा किल्ल्यावर पोहोचले. मार्च १६८० मध्ये रायगडावर राजाराम महाराजांची मुंज आणि लग्न झाले. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिलला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी महाराजांचे निधन झाले.

शेवटच्या आजाराबद्दल जुन्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. सभासद बखर ज्वर सांगते, मुंबईच्या इंग्रजांचे पत्र रक्ताची हगवण सांगते. ग्रँट डफच्या इतिहासात मात्र गुडघ्याला दुखरी सूज आली, ती वाढली, मग जोराचा ताप चढला आणि सातव्या दिवशी मृत्यू झाला, असे वर्णन आहे.

इतक्या वर्षांनी यावरून निदान करता येत नाही. पण सांधा सुजणे आणि ताप येणे, ही जोडी आजही आम्हा डॉक्टरांना सावध करते. सांध्यात जंतुसंसर्ग झाला, तर काही दिवसांत सांधा निकामी होतो आणि जीवही जाऊ शकतो.

यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत आजीचा गुडघा एका रात्रीत सुजला, की वय झाले म्हणून तेल चोळतात किंवा बिब्बा लावतात. तसे करू नका. बिब्ब्याने कातडी भाजते आणि आजार आतच राहतो.

अचानक आलेली सूज जंतुसंसर्गाची असू शकते, तशीच युरिक अॅसिडच्या किंवा कॅल्शियमच्या खड्यांची, चिकुनगुनियाची किंवा पडल्यामुळे झालेल्या दुखापतीचीही. बाहेरून सगळे सारखेच दिसते. म्हणून डॉक्टर सुईने सांध्यातले पाणी काढून तपासतात. त्यात जंतू किंवा खडे सापडतात. युरिक अॅसिडची रक्ततपासणी एकटी पुरत नाही. ऐन दुखण्यात ते प्रमाण नॉर्मलही येते.

वृद्धांना, विशेषतः मधुमेह असेल तर, संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. त्यामुळे तापाची वाट पाहू नका. तपासणीआधी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका, त्याने जंतू सापडणे अवघड होते. सांधा लाल, गरम आणि हलवता न येण्याइतका दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. महाराजांच्या काळी हा इलाज नव्हता. तुमच्या आजीसाठी तो आहे.