दात राखणारा माणूस : डॉ. आल्फ्रेड फोन्स

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी थोरांची चरित्रे येतात. त्यांत राजे असतात, संत असतात, समाजसुधारक असतात. मी यंदा एका दंतवैद्याविषयी लिहिणार आहे, आणि त्याला कारण आमच्या घरातली मशेरीची डबी आहे.

आमच्या घरी पूर्वी राखुंडीने दात घासत. आई लग्न होऊन आली तेव्हा आजीने तिला तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायला शिकवले आणि तेव्हापासून आईच्या दिवसाची सुरुवात त्या डबीनेच होते. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. दात दुखला तर लवंग ठेवायची आणि फारच दुखला तर पाडून यायचे, एवढेच दंतवैद्यक आमच्या घराला माहीत होते. कॉलेजात पाऊल टाकणारी आमच्या घरातली मी पहिलीच. वह्यापुस्तकांचा खर्च निघावा म्हणून गेल्या वर्षापासून मी संध्याकाळी पाच ते आठ एका दाताच्या दवाखान्यात काम करते. रुग्णांची नावे पुकारायची, वापरलेली हत्यारे जाड हातमोजे घालून घासायची, धुवायची, कोरडी करून पिशवीत बंद करायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची, हे माझे काम. नातेवाइकांना ते आवडले नाही. एवढे शिकून पोरगी लोकांची थुंकी धुते, असे एका लग्नात माझ्या कानावर आले. आई त्या दिवशी काही बोलली नाही, पण घरी आल्यावर मला हात पुन्हा धुवायला लावले.

त्या दवाखान्यात डॉक्टरांखेरीज एक ताई आहेत. त्या डेंटल हायजिनिस्ट आहेत. ह्या शब्दाला आपल्याकडे रुळलेला मराठी शब्द नाही. रुग्ण त्यांना कधी सिस्टर म्हणतात, कधी डॉक्टरीणबाई. त्या दात काढत नाहीत, दाढ भरत नाहीत. दातांवर साठलेले कीटण काढणे, दात गुळगुळीत करणे, हिरड्या तपासून नोंद ठेवणे आणि घरी काय करायचे ते समजावून सांगणे हे त्यांचे काम. हा व्यवसाय कोणी सुरू केला, असे मी एकदा सहज विचारले तेव्हा त्यांनी डॉ. फोन्स यांचे नाव सांगितले. पुढे मी मिळेल ते वाचत गेले.

आल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स यांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट ह्या शहरात झाला. ब्रिजपोर्ट हे कारखान्यांचे गाव. शिवणयंत्रे आणि काडतुसे तिथे बनत आणि परदेशांतून पोटासाठी आलेले मजूर तिथे राहत. आल्फ्रेड यांचे वडील दंतवैद्य होते, शिवाय शहराचे महापौरही झाले होते. म्हणजे घरची परिस्थिती उत्तम. न्यूयॉर्कच्या दंतवैद्यक महाविद्यालयातून १८९० साली पदवी घेऊन मुलगा वडिलांच्याच दवाखान्यात बसू लागला. इथवर चरित्रात सांगण्यासारखे विशेष काही नाही. त्या काळचे दंतवैद्य करीत तेच तेही करीत होते. किडले की भरायचे, भरता येत नसेल तर काढायचे.

१८९९ साली एका परिषदेत त्यांनी फिलाडेल्फियाच्या डॉ. डी. डी. स्मिथ यांचे व्याख्यान ऐकले. स्मिथ यांचे म्हणणे साधे होते. रुग्णाचे दुखणे उठण्याची वाट पाहू नये, त्याला ठरावीक दिवसांनी बोलवावे, दातांवरचा थर आणि कीटण हाताने काढावे आणि लाकडी काडीला प्युमिस दगडाची पूड लावून दात घासून गुळगुळीत करावेत. फोन्स यांनी ही पद्धत आपल्या रुग्णांवर काही वर्षे करून पाहिली आणि गुण येतो हे त्यांच्या ध्यानात आले. पण त्यात एक अडचण होती. एकेका रुग्णाचा एकेक दात असा घासत बसायचे तर दंतवैद्याचा सारा दिवस त्यातच जाणार. मग बाकीची कामे कोणी करायची? आणि दंतवैद्याच्या वेळेचे दाम परवडणार कोणाला?

ह्या प्रश्नाचे फोन्स यांनी जे उत्तर काढले त्यासाठीच मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो. आयरीन न्यूमन ही त्यांच्या नात्यातली बहीण त्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. म्हणजे साधारण मी आज जे करते ते ती करीत असावी. १९०६ साली त्यांनी तिला दात साफ करण्याचे काम पद्धतशीर शिकवले आणि रुग्णांच्या तोंडात ते करू दिले. ज्यांच्याकडे विद्या असते त्यांना ती थोडीदेखील खाली उतरवायला जड जाते, हे आपण आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. अमेरिकेतही ते सोपे नव्हते. ओहायो राज्यात १९१० साली मदतनीस बायकांसाठी असाच एक अभ्यासक्रम निघाला होता, तो दंतवैद्यांच्या विरोधापायी थोड्याच वर्षांत बंद पडला. कनेक्टिकटमध्ये मात्र १९०७ सालच्या कायद्याने परवाना नसलेल्या मदतनिसांना रुग्णाच्या तोंडात काम करण्यास मनाई करताना दात साफ करण्याचे काम तेवढे वगळले. त्या फटीतून वाट निघाली.

नोव्हेंबर १९१३ मध्ये फोन्स यांनी दवाखान्याला लागून असलेल्या गाडीखान्यात शाळा काढली. तीसहून अधिक बायका आल्या. त्यांत शाळामास्तरणी होत्या, परिचारिका होत्या, दंतवैद्यांच्या बायकोही होत्या आणि आयरीन न्यूमनही होती. शिकवायला येल, हार्वर्ड, कोलंबिया अशा विद्यापीठांतून नामांकित प्राध्यापक आले. शरीरशास्त्र, जंतुशास्त्र, आहार असे विषय होते, आणि हात बसावा म्हणून आधी नकली तोंडावर सराव होता. जून १९१४ मध्ये २७ जणी उत्तीर्ण झाल्या. तीन तुकड्या होऊन १९१६ साली ती शाळा बंद झाली तेव्हा एकूण ९७ जणी शिकून बाहेर पडल्या होत्या. शाळा बंद झाली ती अपयशाने नव्हे, कारण तोवर न्यूयॉर्क, रॉचेस्टर आणि बोस्टन येथे असे अभ्यासक्रम सुरू झाले होते. त्याच वर्षी फोन्स यांनी संपादित केलेले मुखारोग्यावरचे पाठ्यपुस्तकही निघाले.

नावाचीही एक गोष्ट आहे. अशा बाईला दंतपरिचारिका म्हणावे असे काहींचे मत होते. फोन्स यांना ते मान्य नव्हते. परिचारिका म्हटले की आजारपण आठवते आणि ही बाई तर आजार येऊ नये म्हणून आहे, असा त्यांचा विचार. म्हणून हायजिनिस्ट, म्हणजे आरोग्य राखणारी. आमच्या ताईंना कोणी सिस्टर म्हटले की त्या शांतपणे दुरुस्ती का करतात, ते मला हे वाचल्यावर कळले.

एका गोष्टीबद्दल मात्र फोन्स यांच्याशी माझे भांडण आहे. हे काम बायकांनाच का द्यायचे, ह्याचे त्यांनी दिलेले कारण असे की पुरुष एवढ्याच कामावर समाधान मानणार नाही, बाई मानेल. १९१५ साली कनेक्टिकटचा कायदा झाला त्यातही स्त्री-मदतनीस असाच शब्द आहे. कीटण आणि डाग दाताच्या दिसणाऱ्या भागावरून व हिरडीच्या कडेखालून काढायचे, त्यापलीकडे काही करायचे नाही आणि देखरेख दंतवैद्याची, अशी चौकट त्या कायद्याने आखली. दार उघडताना छताची उंचीही त्यांनीच ठरवून टाकली. हे मी ताईंना बोलून दाखवले तेव्हा त्या हसल्या आणि आपल्या देशाचा १९४८ सालचा दंतवैद्यक कायदा वाच म्हणाल्या. त्यात हायजिनिस्टची स्वतंत्र नोंदणी आहे. दात साफ करणे, गुळगुळीत करणे आणि दातांच्या आरोग्याचे शिक्षण देणे असे तिचे काम सांगितले आहे, आणि ती व्यक्ती बाईच असावी असे कुठे म्हटलेले नाही. आयरीन न्यूमन हिला १९१७ साली जगातला पहिला हायजिनिस्टचा परवाना मिळाला.

आता थोडे ह्या कामाविषयी, कारण ते पाहिल्याशिवाय फोन्स यांची शिकवण कळत नाही. ताई कीटण काढण्याचे हत्यार पेनासारखे धरतात आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवतात. तो टेकू सुटला तर हत्यार घसरून हिरडीत जाते. ओढ आखूड घ्यायची, आणि जोर बोटांनी नव्हे तर मनगट व बाहूने लावायचा, नाहीतर काही वर्षांत मनगट धरते. हत्याराची धार वरचेवर पाहायची. बोथट हत्याराला जास्त जोर लागतो, त्यात रुग्णालाही त्रास आणि आपल्यालाही. रुग्णाच्या तोंडात वाकून पाहण्याऐवजी आरशात पाहायचे आणि पाठ ताठ ठेवायची. आता लहरींच्या कंपनाने कीटण फोडणारे यंत्र आले आहे, तरी शेवटचा हात ताई हातानेच फिरवतात. पण सगळ्यांत अवघड काम बोलण्याचे आहे. रुग्णाला ओशाळे करायचे नाही, हा ताईंचा नियम. ओशाळलेला माणूस पुन्हा येत नाही.

हे मी आईच्या बाबतीत पाहिले. चार महिने मागे लागल्यावर ती एका संध्याकाळी आली, खुर्चीवर बसली आणि पदर तोंडावरून काढीना. ताईंनी मशेरीचा विषयच काढला नाही. आधी आरसा हातात दिला आणि खालच्या पुढच्या दातांमागे जमलेले पिवळे कीटण दाखवले. काम झाल्यावर आई घाबरली. दातांत फटी पडल्या, दात हलतात, तुमच्या मशीनने माझे दात सैल केले, असे ती म्हणू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताई मात्र स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. भिंतीला टेकलेल्या उसाच्या मोळीसारखे ते कीटण दातांना टेकू देत होते आणि आतून हिरडी खात होते; फट आधीपासूनच होती, ती आता दिसते आहे; हिरडी सुजलेली आहे ती आवळेल, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर कुठे मशेरीचा विषय काढला, तोही कर्करोगाचे नाव एकदाच घेऊन. गालाच्या आतला भाग तपासून झाल्यावर डॉक्टरांना दाखवला. तिथे काही नव्हते. मी रात्री पहिल्यांदा नीट झोपले.

फोन्स यांचे मन खरे तर दवाखान्यात नव्हते. ते होते शाळांत. पहिल्या तुकडीतल्या मुली त्यांना हव्या होत्या त्या ब्रिजपोर्टच्या सार्वजनिक शाळांसाठी. त्यासाठी ते काही वर्षे शहराच्या अधिकाऱ्यांच्या मागे लागले होते. अखेर शहराने ५,००० डॉलर मंजूर केले आणि १९१४ साली काम सुरू झाले. हायजिनिस्ट शाळेत जाऊन मजुरांच्या मुलांचे दात साफ करीत, वर्गात ब्रश फिरवण्याची कवायत घेत, मोठ्या मुलांना पडद्यावर चित्रे दाखवून समजावीत, आणि आईबापांनाही बोलवीत. पाच वर्षांनी पाचवीतल्या मुलांची तुलना ही सोय न मिळालेल्या आधीच्या पाचवीतल्या मुलांशी केली, तेव्हा दातांची कीड सुमारे ३४ टक्के कमी झालेली दिसली. आजच्या शास्त्राच्या कसोटीवर ही तुलना फार काटेकोर ठरणार नाही. त्या काळी तोंडातल्या घाणीवर शरीरातल्या जवळजवळ सगळ्या रोगांचे खापर फोडीत, आणि फोन्सही त्यातून सुटलेले नाहीत. फ्लोराइडचा उपयोग तर त्यांच्या पश्चात पुढे आला. आज ताई कीड टाळण्यासाठी फ्लोराइडच्या पेस्टवर भर देतात, आणि कीटण काढणे मुख्यतः हिरड्यांसाठी, असे सांगतात. पण दंतवैद्याची वाट न पाहता शाळेच्या बाकापर्यंत जायचे, ही गोष्ट फोन्स यांची.

मलाही हा अभ्यासक्रम करावासा वाटला होता. त्याला विज्ञान शाखेची बारावी लागते असे ताईंनी सांगितले. मी कला शाखेची. फोन्स यांच्या गाडीखान्यात शाळामास्तरणींना जागा होती हे वाचून त्या दिवशी मला थोडा रागच आला.

पण कवायतीला परवाना लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका खेड्यात सात दिवस होतो. तिथल्या प्राथमिक शाळेत सरांच्या परवानगीने मी मुलांना फोन्स यांची पद्धत शिकवली. दातांवर दात ठेवायचे, ब्रश गालाच्या आत धरायचा आणि वरच्या हिरडीपासून खालच्या हिरडीपर्यंत गोल गोल फिरवायचा; आतल्या बाजूने मागे-पुढे. लहान हातांना हे जमते, म्हणून ते मुलांना शिकवतात. दुसरीतल्या एका मुलाने विचारले की घरात ब्रश एकच आहे आणि माणसे पाच, तर पाळी कशी लावायची. माझ्याकडे उत्तर नव्हते. शिबिर संपण्याआधी आम्ही मुलींनी आपसात पैसे काढून त्या वर्गापुरते ब्रश आणले.

डॉ. फोन्स १५ मार्च १९३८ रोजी वारले. त्यांच्या नावाची हायजिनिस्टांची शाळा १९४९ साली ब्रिजपोर्ट विद्यापीठात सुरू झाली. आयरीन न्यूमन १९५८ साली गेली.

आई सहा महिन्यांनी पुन्हा ताईंकडे जाऊन आली. ह्या वेळी एकटी गेली, मला न सांगता. आमच्या मोरीत आता चार ब्रश आहेत. मशेरीची डबी फडताळात मागे सरकली आहे, पण रिकामी झालेली नाही.