हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (जन्म : पारोळे, खानदेश, ८ मार्च १८६४, मृत्यू : पुणे, ३ मार्च १९१९) हे मराठीतील युगप्रवर्तक कादंबरीकार होते. ‘हरिभाऊ’ या नावाने ते वाचकांना परिचित होते.

जीवन

आपट्यांचे शिक्षण मुंबईत व पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. तेथे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर त्यांचे शिक्षक होते. चिपळूणकरांच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे विलापकाव्य लिहिले. गणितातील अपयशामुळे त्यांना पदवी मिळाली नाही. मात्र इंग्रजी व संस्कृत साहित्याचे त्यांचे वाचन दांडगे होते. पुढे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेचे व्यवस्थापन त्यांनी पाहिले.

कादंबरीलेखन

‘यमुनापर्यटन’ (१८५७) हा अपवाद वगळता आरंभीची मराठी कादंबरी प्रामुख्याने अद्भुतरम्य होती. ‘मधली स्थिती’ या पहिल्या कादंबरीपासूनच आपट्यांनी तिला मध्यमवर्गीय घरात आणले. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाल्या.

‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही त्यांची सर्वश्रेष्ठ सामाजिक कादंबरी मानली जाते. यमू ही बालविवाहित मुलगी स्वतःची कहाणी सांगते. माहेर, सासर, पतीसोबतचे अल्पकाळचे सुख, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन असा तिचा प्रवास आहे. सुधारणेचा वाद सभांतून व वृत्तपत्रांतून गाजत असताना, ज्यांच्याविषयी तो चालला होता त्यांपैकी एकीलाच आपट्यांनी बोलते केले. उपदेशाऐवजी स्वयंपाकघरातील व माजघरातील साध्या तपशिलांतून अन्यायाचे चित्र उभे राहते, हे या कादंबरीचे बळ आहे. ‘मी’ मध्ये भावानंद या समाजसेवकाचे जीवन आले आहे.

‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘चंद्रगुप्त’ व विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’ या त्यांच्या प्रमुख ऐतिहासिक कादंबऱ्या होत.

दर आठवड्याच्या लेखनामुळे त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. त्याचबरोबर पाल्हाळ आला आणि काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या.

अन्य कार्य

आपट्यांनी ‘स्फुट गोष्टी’ लिहून मराठी लघुकथेची पायाभरणी केली. मोलियर व ह्यूगो यांच्या नाटकांची त्यांनी रूपांतरे केली, तसेच रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘गीतांजली’चा अनुवाद केला. पुण्यातील प्लेगच्या साथीत त्यांनी सेवाकार्य केले. ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १९१२ मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

वारसा

‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सिंहगड’ हा चित्रपट काढला. १८८५ ते १९२० हा मराठी कादंबरीचा कालखंड ‘हरिभाऊ युग’ म्हणून ओळखला जातो.