प्रसूतिगृहातून विधिमंडळात : आवा केईता

पालकांनो आणि विद्यार्थिनींनो, मुलीला नर्सिंगला पाठवावे की नाही, हा प्रश्न आपल्या घराघरांत निघतो. त्या वेळी पश्चिम आफ्रिकेतील माली या मुस्लिमबहुल देशातील आवा केईता यांचे चरित्र अवश्य आठवावे.

आवा यांचा जन्म १९१२ साली बामाको येथे झाला. तेव्हा तेथे फ्रेंचांचे राज्य होते. मुलीच्या शाळेला आईचा विरोध होता. परंतु वडिलांनी निश्चय केला आणि १९२३ साली त्यांचे नाव शाळेत घातले. पुढे डाकार येथे शिक्षण घेऊन १९३१ साली त्या प्रशिक्षित सुईण झाल्या व नायजर नदीकाठच्या गाओ या दूरच्या गावी रुजू झाल्या. आपल्याकडील किती आई-वडील एकोणीस वर्षांच्या मुलीला असे पाठवतील?

बाळंतपणाच्या निमित्ताने त्यांचा घरोघरी प्रवेश झाला. शिवणकामाला जमणाऱ्या स्त्रियांशी त्या सुखदुःखाच्या गोष्टी बोलत. त्यांना स्वतःला मूल झाले नाही आणि त्या दुःखात त्यांचा पहिला संसार मोडला. तरीही दुसऱ्यांच्या लेकरांसाठी त्या रात्री-अपरात्री धावत राहिल्या.

१९४६ साली त्या स्वातंत्र्यवादी पक्षात दाखल झाल्या. मतदान म्हणजे काय, हे त्यांनी बायाबापड्यांना समजावले. १९५१ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. सरकारने त्यांची बदली थेट सेनेगालमधील कासामान्स भागात केली. त्या डगमगल्या नाहीत.

१९५८ साली पक्षाच्या सर्वोच्च मंडळावर त्यांची निवड झाली. १९५९ साली त्या विधिमंडळावर निवडून आल्या. १९६० साली माली स्वतंत्र झाला. विवाहाला वधूची संमती आवश्यक ठरविणारा १९६२ चा कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६८ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यांचे राजकीय जीवन थांबले. १९७५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८० साली बामाको येथेच त्यांचे निधन झाले.

पालकांनो, त्या आईची भीती मायेपोटीच होती. तिला हसू नका. पण वडील त्या दिवशी नमले असते तर कितीतरी बाळंतिणी एका जाणत्या हाताला मुकल्या असत्या. तुमच्या घरी हा प्रश्न निघेल तेव्हा मुलीलाही जवळ बसवा आणि मगच निर्णय घ्या.