संगीताची परीक्षा कुणी सुरू केली? विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट

तळोद्यातली एखादी मुलगी ‘प्रवेशिका पूर्ण’ची तयारी करते आणि मुंबईतलीही तोच अभ्यासक्रम घोकते. गाव कुठलेही असो, पायरी एकच. या व्यवस्थेचे मूळ विष्णु दिगंबर पलुस्करांपाशी जाते.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झाले, म्हणून शाळेऐवजी गाणे पुढ्यात आले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते ग्वाल्हेर गायकी शिकले. त्या काळी तालमीला वर्षांची मुदत नसे. शिष्य तयार झाला की नाही हे गुरूचा कान ठरवी. कसोटी कडक होती, पण ती त्या घरापुरती. बाहेरच्याला तिचा अंदाज येणे कठीण, आणि ज्याला गुरूच मिळाला नाही त्याच्यासाठी ती नव्हतीच.

1896 मध्ये त्यांनी मिरज सोडले. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, जे तेव्हा धाडसच होते. पुढे 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही शाळा. वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तके, स्वतःची स्वरलेखन पद्धती आणि परीक्षा, सगळे तिथे आले.

परीक्षेमुळे गाणे उथळ होईल, ही शंका तेव्हाही होती आणि ती अगदीच खोटी नाही. पण पलुस्करांनी एकच माप सगळ्यांना लावले नाही. हौशी विद्यार्थ्याने समजून ऐकावे, थोडे गावे, एवढे त्यांना पुरत होते. ‘उपदेशक’ वर्गातल्या मुलांचे मात्र वेगळे होते. ती संस्थेतच राहत, नऊ वर्षे शिकत आणि पुढे शिकवायला बाहेर पडत. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे त्यांचेच शिष्य. म्हणजे गुरुकुलाची कसोटी त्यांनी मोडली नाही, शाळेच्या आत ठेवली.

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. इमारतीचे कर्ज मात्र डोईजड झाले आणि 1924 मध्ये ती लिलावात गेली. ज्याने हजारोंना सूर दिला त्याच्यावर ही वेळ यावी, हे आजही वाचवत नाही. अखेरच्या वर्षांत ते नाशिकला रामनामात रमले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या मंडळाने गावोगाव पोचवल्या. वरच्या परीक्षांत गाण्याबरोबर लेखी प्रश्नपत्रिकाही असते. परीक्षकासमोरच्या थोड्या मिनिटांत राग कितपत उलगडतो, हा वाद गाण्याच्या वर्गांत अजून रंगतो. उपदेशक वर्गाच्या नऊ वर्षांत मात्र मुलगा रोजच गुरूच्या कानाखाली असे.