अळ्यांचे कोडे सोडवणारे रेडी

फ्रान्चेस्को रेडी यांचा जन्म इ.स. १६२६ मध्ये इटली देशात अरेझ्झो या गावी झाला. पिसा येथे शिकून ते डॉक्टर झाले. पुढे टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचे वैद्य झाले. ते कवितापण करीत.

त्या काळी लोकांना वाटे, की सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात. आमची आजी अजून तसंच म्हणते. रेडींना ते पटेना. त्यांनी बरण्यांत मांस ठेवले. काही बरण्या उघड्या, काहींची तोंडे गच्च बंद. उघड्या बरण्यांत माश्या शिरल्या नि थोड्या दिवसांत अळ्या वळवळू लागल्या. बंद बरण्यांत एकपण नाही! पण कोणी म्हणेल, आत हवाच नव्हती. म्हणून त्यांनी तोंडाला पातळ फडके बांधले. हवा आत, माशी बाहेर. तरी मांसात अळी झाली नाही. ही युक्ती मला फार आवडली. आमच्या बैलाच्या जखमेवर आता आम्ही माशी बसू देत नाही.

१६६८ साली रेडींनी हे पुस्तकात लिहिले. हल्ली खुनाच्या तपासात प्रेतावरच्या अळ्यांच्या वयावरून माणूस कधी मेला याचा अंदाज काढतात. माशी अंडी घालते हे माहीत आहे, म्हणूनच ते जमते.

रेडी १६९७ साली पिसा येथे वारले.

(इयत्ता ४ थी)